लांब शब्दांचे सांधे

मुंबईच्या रस्त्यावर १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. आपण सारे ज्या नावाने या वाहनाला ओळखतो ते एका लॅटिन शब्दाचे निव्वळ शेपूट आहे, हे त्या दिवशीच्या उतारूंना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. 'ऑम्निस' म्हणजे सर्व, आणि '-इबस' हा त्याच्या चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. मराठीत सांगावयाचे तर 'सर्वांना' या शब्दातला 'सर्व' गाळून कोणी नुसत्या 'आंना'त बसून कचेरीला जाऊ लागावे, तसा हा प्रकार! फ्रान्समध्ये १८२० नंतरच्या दशकात घोड्यांच्या सार्वजनिक गाड्यांना हे नाव मिळाले. १८२९ मध्ये ते लंडनला पोहोचले. आणि लंडनकरांनी पुढचे धड टाकून देऊन मागचा प्रत्यय तेवढा ठेवून घेतला. व्याकरणाचा मुडदा पडला, पण गाडी चालू राहिली.

अशी उदाहरणे इंग्रजीत पैशाला पासरी मिळतात. 'हेलिकॉप्टर' हा शब्द ग्रीक 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख यांचा समास आहे. त्याचा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये. पण इंग्रजी जिभेला 'प्ट'ने सुरू होणारा शब्द उच्चारवत नाही. म्हणून तिने तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तोडला, आणि त्या चुकीच्या तुकड्यांतून 'हेलिपोर्ट'सारखे नवे, धडधाकट शब्द जन्माला घातले. 'हॅम्बर्गर' म्हणजे हॅम्बर्ग शहराचा; त्याचे 'हॅम' आणि 'बर्गर' असे दोन तुकडे झाले आणि आता आपल्याकडच्या गल्लीबोळांतही बटाट्याचा बर्गर मिळतो. त्यात हॅम्बर्ग नाही आणि हॅमही नाही.

गमतीचा भाग सोडला तरी एक गोष्ट ध्यानात येते. लांब शब्दाला दोन प्रकारचे सांधे असतात. एक उच्चाराचा, दुसरा अर्थाचा. आणि हे दोन सांधे एकाच जागी असतातच असे नाही. 'न समजण्याजोगा' या अर्थाचा 'इन्कॉम्प्रिहेन्सिबल' हा भला थोरला शब्द घ्या. उच्चाराप्रमाणे त्याचे सहा तुकडे पडतात: इन्-कॉम्-प्रि-हेन्-सि-बल. अर्थाप्रमाणे मात्र चारच: 'इन्' म्हणजे न, 'कॉम्' म्हणजे एकत्र, 'प्रिहेन्स' म्हणजे धरणे, आणि 'इबल' म्हणजे -जोगा. जे मुठीत धरता येत नाही ते. मधला 'प्रिहेन्स' हा अर्थाचा एक सबंध मणी. उच्चार त्याच्या मधूनच सुरी फिरवतो. मग शब्द कुठे तोडावा? कानाचे ऐकावे की कुळाचे? या एका प्रश्नावर इंग्रजी जगात शेकडो वर्षे वाद चालू आहे, आणि त्याचा इतिहास मला पुष्कळ मोठमोठ्या लढायांच्या इतिहासापेक्षा अधिक मनोरंजक वाटत आला आहे.

त्याला कारणही आहे. मी आयुष्याची बरीच वर्षे मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली. आमच्या मुलांना इंग्रजी पाचवीत भेटे, आणि पहिली धडक बसे ती लांब शब्दाशी. मुले मोठी हुशार. त्यांनी त्यावर आपापसांतच तोड काढलेली असे. 'वेन्सडे' या शब्दाचे स्पेलिंग ती 'वेड-नेस-डे' असे घोकत. 'नॉलेज'चे 'क्नोव-लेद-गे' असे काहीतरी मंत्रासारखे करीत. पुस्तकातल्या प्रत्येक ओळीवर शिसपेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहिलेला असे तो वेगळाच. पुष्कळ मास्तरांना याचा राग येई. मला येत नसे. कारण 'वेड-नेस-डे' म्हणणारा मुलगा उच्चारात चुकत असला तरी त्या शब्दाच्या कुळाशी इमान राखून होता. तो वार वोडन देवाचा. 'वोडनेस' म्हणजे वोडनचा आणि 'डे' म्हणजे दिवस. इंग्रजांच्या जिभेने गिळून टाकलेला 'ड' आमच्या गोठ्यातून उठून शाळेत आलेल्या पोराने जपून ठेवला होता.

देवनागरीत वाढलेल्या मुलाला ही अडचण का पडते, हे आधी पाहिले पाहिजे. आपले अक्षर हाच मुळी उच्चाराचा एक पुरा तुकडा असतो. 'क'मध्ये 'अ' बसलेला. 'कि', 'कु', 'के' म्हणजे बाराखडी. मुलगा वाचायला लागतो तो तुकड्यांनीच. रोमन लिपीत व्यंजन वेगळे, स्वर वेगळा, आणि दोघांची मोट कुठे बांधावयाची ते कागदावर लिहिलेले नसते. ग्रीकांनी उच्चाराच्या तुकड्याला जे नाव दिले, त्यावरून इंग्रजीत 'सिलॅबल' आले. त्या नावाचा अर्थच 'एकत्र धरलेले' असा आहे. तेव्हा एकत्र धरण्याचे हे काम रोमन लिपीत वाचणाऱ्याला स्वतः करावे लागते.

इंग्रजांनाही हे कळत होते. म्हणून त्यांनी आपल्या मुलांसाठी चक्क बाराखडी केली! सोळाव्या-सतराव्या शतकांत तिकडची मुले मूठ असलेली एक लहानशी फळी हातात धरून शिकत. तिला 'हॉर्नबुक' म्हणत. फळीवर एक कागद आणि त्यावर पाण्यापासून व मुलांच्या बोटांपासून रक्षण व्हावे म्हणून शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा. कागदावर वर मुळाक्षरे, खाली प्रभूची प्रार्थना, आणि मध्ये तुकड्यांचे कोष्टक: अॅब, एब, इब, ऑब, अब, बा, बे, बी, बो, बू. आपल्या धूळपाटीवरचा मुलगा त्या मुलाशेजारी बसवला असता तर दोघांना एकमेकांचा धडा पाचच मिनिटांत उमगला असता.

पुढची पायरी लांब शब्दांची. १५९६ साली एडमंड कूट या शिक्षकाने 'द इंग्लिश स्कूल-मास्टर' नावाचे पुस्तक काढले आणि ते शंभरांवर वर्षे पुन्हापुन्हा छापले गेले. या पुस्तकात मला सर्वांत आवडते ती त्याची प्रस्तावना. ती पंडितांसाठी नाही. शिंपी, विणकर, दुकानदार अशा साध्या माणसांना कूट सांगतो की, तुम्ही माग किंवा सुई न सोडता, काम करता करता शेजारच्या पोरांचे वाचन ऐकू शकाल, एवढे हे पुस्तक सोपे केले आहे. शब्दाचे तुकडे कसे पाडावे याचे नियम त्याने दिले ते अशा लोकांसाठी. ज्याला लॅटिन येते त्याला लांब शब्दाचे भय नसते. भय असते ते विणकराला. १६०४ साली रॉबर्ट कॉड्रीने सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचा जो पहिला इंग्रजी कोश काढला, तोही त्याने असाच लॅटिन न शिकलेल्यांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी काढला, आणि त्यासाठी कूटच्या शब्दयादीतून सढळ हाताने उचल केली.

परंतु नियम आले कुठून? ते आले लॅटिनच्या व्याकरणातून. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराला द्यावे. जोडव्यंजनाने एखादा शब्द सुरू होऊ शकत असेल तर ते सगळेच्या सगळे पुढे ढकलावे. लॅटिनला हा अंगरखा बरोबर बसे. इंग्रजीला तो आखूड पडला. १७४० मध्ये टॉमस डिलवर्थचे 'अ न्यू गाइड टु द इंग्लिश टंग' लंडनला निघाले. १७४७ मध्ये बेंजामिन फ्रँक्लिनने ते फिलाडेल्फियात छापले. आणि अमेरिकेतल्या दोन पिढ्या त्यावर पोसल्या. डिलवर्थ 'हॅबिट' हा शब्द 'हा' आणि 'बिट' असा तोडतो, 'क्लस्टर' हा 'क्लू' आणि 'स्टर' असा, 'बिशप' हा 'बाय' आणि 'शप' असा. इंग्रजीत तुकडा स्वरावर संपला की तो स्वर लांबतो, व्यंजनाने बंद झाला की आखडतो. त्यामुळे डिलवर्थच्या फोडीप्रमाणे वाचणारे मूल 'हेबिट' आणि 'क्लूस्टर' म्हणणार, आणि मग मास्तराची छडी खाणार. पुस्तक एक शिकवते आणि छडी दुसरे, अशी त्या पोराची गत.

इथे देवनागरी वाचकाने क्षणभर थांबावे. 'पुस्तक' हा शब्द आपण लिहितो कसा? पु, स्त, क. म्हणजे डिलवर्थच्याच पद्धतीने. जोडाक्षर सगळे पुढच्या स्वराच्या पदरात. आणि बोलतो कसा? पुस्-तक. आपल्या प्राचीन प्रातिशाख्यकारांच्या कानांनी हे केव्हाच टिपले होते. संयोगातले पहिले व्यंजन मागच्या स्वराचे, असा त्यांचा निर्णय. जोडाक्षरामागचा ऱ्हस्व स्वर गुरू का मानावयाचा, याचे उत्तरही त्यातच आहे. 'पु' ऱ्हस्व खरा, पण 'स्'ने बंद झाल्यामुळे तो जड होतो. लिपीने एकीकडे तोडले, कानाने दुसरीकडे. आपण मात्र लहानपणापासून दोन्ही सांभाळत आलो म्हणून आपल्याला त्यात तंटा दिसला नाही.

अमेरिकेत तो तंटा उभा केला नोआ वेबस्टरने. १७५८ साली कनेक्टिकटमध्ये जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस न्यूयॉर्क संस्थानातल्या गोशेन गावी शाळामास्तर होता. डिलवर्थ शिकवताना त्याचा जीव मेटाकुटीला आला. १७८३ मध्ये त्याने हार्टफर्डला आपले स्वतःचे स्पेलिंगचे पुस्तक छापून घेतले. त्याचे म्हणणे एका ओळीत सांगता येते: शब्द जसा बोलावयाचा तसाच तोडा, म्हणजे लहानात लहान मूलही चुकणार नाही. हॅब-इट. क्लस-टर. बिश-अप. डिलवर्थ 'मोशन'चे शेपूट 'टि-ऑन' असे दोन तुकड्यांत मोजी. जुन्या इंग्रजी पद्यात ते खरोखरच दोन तुकड्यांत उच्चारले जाई, पण वेबस्टरच्या काळी तसे कोणी बोलत नव्हते. वेबस्टरने ते एकच तुकडा म्हणून लिहिले. मेलेल्या उच्चाराचे श्राद्ध मुलांकडून किती पिढ्या घालून घ्यावयाचे?

निळ्या पुठ्ठ्यामुळे हे पुस्तक 'ब्लू-बॅक्ड स्पेलर' या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या किती प्रती खपल्या याचे अंदाज सहा कोटींपासून दहा कोटींपर्यंत जातात. मुले वर्गात उभी राहून एकेका तुकड्याचे स्पेलिंग म्हणत, तुकडा जोडत, आणि पुढच्या तुकड्याकडे वळत. दोन तुकड्यांच्या शब्दांचा तक्ता पुढे 'बेकर' या शब्दाने सुरू होऊ लागला. त्यामुळे 'मी बेकरपर्यंत शिकलो' असे सांगण्याची चाल पडली. आपल्याकडे जुनी माणसे 'माझे शिक्षण तिसऱ्या बुकापर्यंत' म्हणत, तसेच हे. एका तुकड्याच्या शब्दांतून दोन तुकड्यांच्या शब्दांत पाऊल टाकले, की माणूस उंबरठा ओलांडून आत आला.

हा उंबरठा ओलांडण्याची किंमत काहींना फार पडली. फ्रेडरिक डग्लस हा मेरीलंडमधला गुलाम मुलगा. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. मालकाला कळताच त्याने ते बंद केले. गुलाम वाचू लागला की गुलाम राहत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग डग्लस वेबस्टरचे पुस्तक खिशात बाळगू लागला. निरोप पोचवायला बाहेर पाठवले की वाटेत गोऱ्या गरीब पोरांना गाठून एखादा धडा घ्यावा आणि शिकवण्याची फी म्हणून त्यांना घरातला पाव द्यावा, असा त्याचा क्रम. घरात पावाला तोटा नव्हता आणि त्या पोरांच्या पोटात भूक होती. १८३८ मध्ये तो गुलामगिरीतून निसटला, आणि १८५५ साली 'माय बॉन्डेज अँड माय फ्रीडम' या आत्मचरित्रात त्याने हे सगळे लिहून ठेवले. बुकर टी. वॉशिंग्टनची हकिकतही याच्याच जोडीची. मुक्तता झाल्यावर मिठाच्या भट्टीवर राबणाऱ्या या पोराच्या आईने कुठून तरी वेबस्टरची एक जुनी प्रत मिळवली. त्याच्या हाती आलेले ते पहिले पुस्तक. आसपास आपल्यांपैकी कोणालाच वाचता येत नव्हते; म्हणून त्याने 'अॅब', 'बा', 'का', 'डा' हे निरर्थक तुकडे एकट्यानेच घोकायला सुरुवात केली. १९०१ च्या आपल्या आत्मचरित्रात त्याने हे सांगितले आहे.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केले, हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. त्या मुक्ततेनंतर तिथल्या वस्त्यावस्त्यांत जे पुस्तक उघडले गेले, त्यात शब्दांचे तुकडे पाडलेले होते. अक्षरावर कोणाचा हक्क, हा प्रश्न पुण्यातही होता आणि बाल्टिमोरमध्येही. शब्द कानाप्रमाणे तोडावा हा वेबस्टरचा आग्रह त्या दृष्टीने पाहिला म्हणजे निव्वळ मास्तरी वाटत नाही. ज्याच्या घरी लॅटिन नाही, आजोबांचा ग्रंथसंग्रह नाही, त्याच्यापाशी भांडवल एकच: त्याचा कान.

पण वेबस्टरच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पुढे त्याने दोन खंडांचा, सत्तर हजार शब्दांचा अमेरिकन कोश रचला. तो १८२८ मध्ये निघाला. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षे अनेक भाषा चाळल्या. तरीही त्याच्या व्युत्पत्त्या पुष्कळशा चुकीच्या निघाल्या. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका कुळातल्या असाव्यात हे विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याला सांगितले होते. जर्मनीत त्यावर शास्त्र उभे राहत होते. वेबस्टर मात्र बायबलच्या आधाराने साऱ्या भाषांचे मूळ एका आद्य भाषेत शोधत राहिला. १८४३ मध्ये तो वारला, आणि १८६४ च्या आवृत्तीत मान नावाच्या जर्मन पंडिताकडून त्याच्या व्युत्पत्त्या नव्याने लिहवून घ्याव्या लागल्या. ज्याचा कान इतका तिखट, त्याला कुळाच्या सांध्यावर सुरी नीट ठेवता आली नाही.

इंग्लंडात मात्र कुळाचा मान टिकून राहिला, आणि तो टिकवला छापखान्यांनी. ओळीच्या शेवटी जागा संपली की शब्द तोडावा लागतो, ही खिळे जुळवणाऱ्याची रोजची अडचण. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेल्या बायबलातही ओळींच्या शेवटी तिरप्या जोडरेघा आढळतात. या रेघेच्या 'हायफन' या नावाचीही मौज आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'एकाखाली', म्हणजे दोन तुकडे एका शब्दाखाली घ्या, अशी जोडण्याची खूण. ज्या खुणेने आपण शब्द तोडतो, तिचे नाव सांधणारीचे आहे! ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी आपल्या कामगारांसाठी १८९३ मध्ये नियमांची छोटी पुस्तिका काढली आणि १९०४ पासून ती बाहेर विकली जाऊ लागली. या परंपरेत शब्द शक्यतो मुळाच्या सांध्यावर तोडतात: 'बायो' आणि 'ग्राफी', 'ॲटमो' आणि 'स्फिअर'. अमेरिकन जुळारी तेच शब्द उच्चाराने 'बाय-ऑग-र-फी' आणि 'ॲट-मस-फिअर' असे तोडणार. 'नॉलेज' हा शब्द इंग्रज 'नो' या धातूपाशी तोडी, अमेरिकन त्यापुढचा 'एल' ओढून घेऊन मग तोडी. एका भाषेची दोन घरे, आणि भांडण ओळीच्या टोकाला.

मग यंत्र आले. १९८३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँकलिन लियांग या विद्यार्थ्याने डोनाल्ड नूथ यांच्या हाताखाली एक प्रबंध लिहिला. संगणकाकरवी शब्द तोडणे हा त्याचा विषय, आणि प्रबंधाच्या नावातले लांब शब्दही त्याने तोडूनच छापले होते. त्याने संगणकाला लॅटिन शिकवले नाही आणि कानही दिला नाही. वेबस्टरचा वारसा सांगणाऱ्या खिशातल्या कोशाची शब्दयादी त्याने यंत्राला चाळायला लावली आणि तीतून अक्षरांच्या ४४४७ जुळण्या निवडल्या. प्रत्येक जुळणीत अक्षरांमध्ये आकडे बसवलेले: विषम आकडा म्हणजे 'इथे तोडा', सम आकडा म्हणजे 'इथे तोडू नका', आणि दोन जुळण्यांचे पटले नाही तर मोठा आकडा खरा. एवढ्या सामग्रीवर त्या यादीतल्या तोडण्याच्या जागांपैकी ८९ टक्के जागा सापडतात आणि चुकीची जागा जवळजवळ सापडत नाही. गणिताचे लोक पुस्तके छापण्यासाठी जी 'टेक' नावाची प्रणाली वापरतात, तिच्यात या जुळण्या आजही काम करीत आहेत.

या जुळण्यांबरोबर चौदा अपवादांची एक यादी असते. तिच्यातले चार शब्द 'प्रेझेंट' व 'प्रोजेक्ट' आणि त्यांची 'स'कारान्त रूपे. त्यांच्यापुढे तोडण्याची एकही खूण नाही. कारण हे शब्द नाम असताना एका ठिकाणी तुटतात आणि क्रियापद असताना दुसऱ्या ठिकाणी. जोर बदलला की सांधा सरकतो, आणि वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय तो कुठे सरकला ते सांगता येत नाही. अर्थ यंत्राला कळत नव्हता. म्हणून त्याला सांगितले: हे शब्द सबंध राहू दे.

हे वाचले तेव्हा मला शाकल्याची आठवण झाली. ऋग्वेदाचा पदपाठ करणाऱ्या या ऋषीने संहितेतला प्रत्येक शब्द सुटा केला, समासांच्या सांध्यावर अवग्रह दिले. तरी यास्काने निरुक्तात त्याची एक चूक दाखवलीच. 'वायः' हे एकच पद असताना शाकल्याने 'वा' आणि 'यः' अशी दोन पदे केली, अशी त्याची तक्रार. पण जिथे सांध्याचा निश्चय होईना तिथे शाकल्याने शब्द न तोडता तसाच ठेवला. ही सावधगिरी त्याच्या विद्वत्तेचाच भाग आहे.

महाराष्ट्रात जून २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. आता सहा वर्षांच्या मुलापुढे तो लांब शब्द येतो. त्याला काय द्यावे, याविषयी माझे मत झाले आहे ते असे. आधी कान द्यावा. शब्द टाळीवर तोडू द्यावा. त्याची बाराखडी त्याच्या मदतीला येते, तिची लाज वाटू देऊ नये. कूटच्या विणकराला आणि बाल्टिमोरच्या मुलाला त्याच वाटेने आत जाता आले. मुलगा थोडा मोठा झाला, की मग कूळ दाखवावे. 'हृ' या एका धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार कसे होतात हे त्याला मराठीत शिकवतोच. तसेच 'पोर्ट' म्हणजे वाहणे, आणि त्यावरून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, हे त्याला दाखवावे. दहा उपसर्ग आणि वीस धातू ओळखीचे झाले, की शेकडो परके शब्द ओळख दाखवू लागतात. हा क्रम मात्र उलटा करू नये. कुळाची चौकशी घरात आलेल्या पाहुण्याशी करावयाची असते, दाराबाहेर उभ्या असलेल्याशी नव्हे.